१४ पटाची शाळा समूह शाळेत जाणार, ठरावात काय लिहावं?

खडूफळा: वाडीवरची जि. प. शाळा, पहिली ते चौथी, पट (विद्यार्थीसंख्या) १४. साडेचार किमीवरच्या समूह शाळेत (छोट्या शाळा एकत्र करून केलेली मोठी शाळा) मुलांचं समायोजन करायचं म्हणतात. शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव मागितलाय. निम्मे पालक तयार, निम्मे नाहीत. ठरावात नेमकं काय घालावं?

घाटवाट: नुसतं 'मान्य' किंवा 'अमान्य' लिहून देऊ नका. आधी अंतर मोजा, तेही घराच्या दारापासून. राज्याच्या २०११च्या शिक्षण हक्क नियमांत शाळेचं अंतर पहिली ते पाचवीसाठी १ किमी आणि सहावी ते आठवीसाठी ३ किमी धरलंय. कागदावर शाळा ते शाळा मोजतात, त्यात वरच्या आळीतली पोरं सुटतात. मुलाचं नाव, इयत्ता, अंतर, वाटेतला ओढा असा तक्ता ठरावाला जोडा.

वाहतूक भत्त्यावर भिस्त नको. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून मुलामागे वर्षाला जास्तीत जास्त ६,००० रुपये, म्हणजे दहा महिने ६०० रुपये. १४ मुलांचे महिन्याला ८,४०० झाले. रोज दोन खेपा एवढ्यात परवडतात का, हे जीपवाल्याला आत्ताच विचारा. शिवाय पैसे पालकांच्या खात्यात उशिरा पडले की जीपवाला थोडे दिवस दम धरतो, मग गाडी बंद. आधी मुली घरी बसतात. म्हणून अट घाला: गाडी प्रशासनाने लावावी आणि ती जुलै-ऑगस्टच्या पावसात नीट चालली, तरच वर्ग हलवावेत.

पाटीपेन्सिल: गाडीचं पटलं, पण शाळा आहे तशीच राखणं हाही उपाय नव्हे. आरटीईनुसार (शिक्षण हक्क कायदा) ६० पटापर्यंत दोन शिक्षक. एक प्रशिक्षणाला किंवा निवडणुकीच्या कामाला गेला की चारही वर्ग एकाच्या गळ्यात. एका शिक्षकाने अनेक वर्ग एकत्र शिकवायचे म्हटले की तिसरी-चौथीला स्वयंअध्ययन देता येतं, पहिलीला नाही. अक्षरओळखीला रोज शेजारी बसावं लागतं. तिथेच पोर मागे पडतं आणि चौथीतही अडखळत वाचतं.

त्यामुळे समूह शाळेत पहिलीला स्वतंत्र शिक्षक आहे का, ते पाहा. मंजूर पदं विचारू नका, कार्यरत पदं विचारा. प्रतिनियुक्तीवर (तात्पुरता दुसरीकडे) गेलेला माणूसही यादीत दिसतोच.

खडूफळा: तक्ता करतो. पट खरं तर १७ आहे, तिघांचं आधार जुळत नाही.

घाटवाट: मग ते आधी करा, दादा! संचमान्यतेला, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवताना, आधार वैध झालेलीच मुलं धरतात. बहुतेकदा नावातलं एखादं अक्षर किंवा जन्मतारीख वेगळी असते. जन्मदाखला घेऊन आधार केंद्रात दुरुस्ती करा, मग मुख्याध्यापकांकडून शाळेच्या ऑनलाइन नोंदीत पुन्हा पडताळणी. ३० सप्टेंबरच्या आत, कारण पट त्या तारखेचा धरतात.