मेगा ड्राइव्हच्या जुन्या कॅसेट नोमॅडवर घाईत वाजतायत. यंत्र बिघडलंय का?

रामबागची_लेक

नमस्कार मंडळी, इंदूरहून लिहितेय. प्रश्न लांबलाय, पण सगळं सांगितल्याशिवाय कळायचं नाही.

१९९६ मध्ये बाबांनी दादाला आणि मला मिळून एक सेगा मेगा ड्राइव्ह, म्हणजे टीव्हीला जोडून खेळायचं गेमचं यंत्र, घेऊन दिला होता. तो कधीच मेला. पण त्याच्या सात कॅसेट आईने अनारशांच्या स्टीलच्या डब्यात, मलमलच्या फडक्यात गुंडाळून ठेवल्या होत्या. तीन घरं बदलली, डबा प्रत्येक वेळी आईच्या मांडीवर बसून आला.

गेल्या महिन्यात मावसबहीण न्यू जर्सीहून आली आणि तिने सेगाचा नोमॅड आणला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: हातात धरून खेळायचं हे यंत्र १९९५ मध्ये फक्त उत्तर अमेरिकेत निघालं. त्याच्या वेगळ्या कॅसेट नाहीत, टीव्हीला जोडायच्या मेगा ड्राइव्हच्याच त्यात बसतात. सव्वातीन इंचाचा पडदा, सहा पेन्सिल सेल.

रविवारी पोहे-जलेबी आटोपून मी पहिला सोनिक, तो पळणाऱ्या निळ्या साळिंदराचा गेम, घातला. सुरू झाला! पहिल्या टप्प्याची, ग्रीन हिलची ती धून लागली आणि माझे डोळे भरले. तेवढ्यात पोळ्या लाटता लाटता आईने आतून विचारलं, "अगं, हे इतकं घाईत का वाजतंय?"

आधी मला वाटलं, आईला काय आठवणार. पण ती धून तिने दोन वर्षं रोज दुपारी ऐकलीय, आणि ती भजनी मंडळात गाते. मग मीही नीट कान दिला. सूर तेच, पण पळतंय. सोनिकही पळतोय. जिथे दादा न बघता उडी मारायचा तिथे मी तीनदा काट्यांवर पडले.

तर यंत्र खराब आहे का? दुसरी एक कॅसेट घातली तर खेळ सुरूच होत नाही, पडद्यावर इंग्रजीत येतं की हा फक्त पाल आणि फ्रेंच सेकॅम मेगा ड्राइव्हसाठी आहे. आणि पळताना चित्र फराटे ओढल्यासारखं दिसतं, तेही असंच असतं का? दादा पुढच्या शनिवारी पुण्याहून येतोय. त्याच्या हातात द्यायचंय, आणि आम्ही खेळायचो त्याच चालीत द्यायचंय.

डाग_आणि_तार (वडोदरा)

ताई, सगळ्यात आधी एक सांगा. बहिणीने सोबत अमेरिकेतला अडॅप्टर दिलाय का? दिला असेल तर तो इथल्या प्लगमध्ये अजिबात लावू नका. तो १२० व्होल्टचा असतो, आपल्याकडे २३० येतात. माझ्याकडे असे जळलेले अडॅप्टर येतात आणि कधी कधी सोबत जळलेलं यंत्रही. सध्या सेलवरच चालवा. दोन-तीन तास मिळतील, नोमॅड भूक लागल्यासारखे सेल खातो.

आता तुमचा प्रश्न. यंत्र ठणठणीत आहे. आपल्याकडचा टीव्ही पाल पद्धतीचा, सेकंदाला ५० वेळा चित्र रंगवणारा. अमेरिकेतला ६० वेळा. त्या काळातले बहुतेक गेम वेळ मोजायला घड्याळ वापरत नव्हते, चित्रं मोजत होते. एक चित्र झालं, सोनिक एवढे ठिपके पुढे. एक चित्र झालं, गाण्यातला स्वर एवढा शिल्लक. पहिला सोनिक ६० च्या हिशेबाने लिहिलेला, आणि ५० साठी त्यात दुरुस्ती केलेली नाही. म्हणजे तुमच्या घरी तो सहापैकी पाचच पावलं टाकत होता. नोमॅड अमेरिकन आहे, तो पुरी सहा टाकतो.

सूर का नाही बदलला? स्वराची उंची यामाहाची साउंड चिप स्वतःच्या घड्याळावरून ठरवते, आणि ते दोन्हीकडे जवळपास सारखंच आहे. चित्रांवर अवलंबून आहे ती फक्त पुढचा स्वर कधी लावायचा ती वेळ.

ती दुसरी कॅसेट युरोपच्या, म्हणजे पाल पद्धतीची आहे आणि यंत्र कुठल्या देशाचं ते तपासते. सोनिकच्या कॅसेटवर जपान, अमेरिका, युरोप या तिन्ही प्रदेशांची खूण आहे म्हणून तो कुठेही चालतो. नोमॅडमध्ये देश बदलायचा स्विच बसवणारे लोक आहेत. मी स्वतः बसवू शकतो, पण तुमच्या नोमॅडवर बसवणार नाही. तीस वर्षांचं यंत्र आहे, आत आधीच कपॅसिटर म्हातारे झालेत. एक कॅसेट चालावी म्हणून त्याला भोक पाडायचं मला पटत नाही.

फराटे तर असणारच, तो जुन्या पद्धतीचा पडदा आहे. नवीन पडदा बसवता येतो, पण तेही शनिवारपर्यंत होणारं काम नव्हे.

आणि कॅसेटमध्ये फुंकर मारू नका! लहानपणी आपण सगळ्यांनी मारली. थुंकीने आतले धातूचे दात काळे पडतात. आयसोप्रोपिल अल्कोहोल कानकाडीला लावून पुसा, पूर्ण वाळू द्या, मगच घाला.

ठेका_दादरा

मी जेल रोडपासून जवळच राहतो, तबला शिकवतो. गेम मी खेळत नाही, नातवंडं खेळतात. पण तुमच्या आईंसाठी लिहावंसं वाटलं.

त्यांनी पकडलं ते फार बारीक आहे. ५० चे ६० म्हणजे पाचाच्या जागी सहा. सवाई लयीत, म्हणजे सव्वापटीत, चाराच्या जागी पाच येतात, तर ही लय सवाईच्या थोडी अलीकडची. पट्टी बदलली असती तर कुणालाही कळलं असतं. पट्टी तीच ठेवून लय एवढीच चढली तर शिकलेला माणूससुद्धा पटकन सांगू शकत नाही, फक्त "काहीतरी बेचैन वाटतंय" म्हणतो. आपलं हे गायक अमीर खाँसाहेबांचं गाव. ज्या कानांनी अतिविलंबित, म्हणजे अगदी संथ लयीतला झूमरा ताल ऐकलाय त्यांना घाई लगेच टोचते. माझा नमस्कार सांगा त्यांना.

पिक्सेल_पोहे

ताई, कॉलेजात आहे, विजयनगरला राहतो. तुम्हाला हवी ती जुनी चाल मिळते, पण नोमॅडवर नाही.

माझ्याकडे ॲनबर्निकचा आरजी३५एक्सएक्स आहे, हातातलाच, साडेतीन इंची, ६४० बाय ४८० चा पडदा. मेगा ड्राइव्हचं चित्र ३२० बाय २२४. दुप्पट केलं की ६४० बाय ४४८, म्हणजे बाजूने अगदी मापात आणि वर-खाली सोळा-सोळा ओळी काळ्या. प्रत्येक ठिपका चौकोनी, कडक, फराटे नाहीत. मला तर हे गणित जुळतं याचाच आनंद होतो.

त्यात रेट्रोआर्च आहे, जुनी यंत्रं नकलून गेम चालवणारं सॉफ्टवेअर. त्यात मेगा ड्राइव्हची नक्कल करणारा भाग (कोअर) जेनेसिस प्लस जीएक्स निवडा, कोअरच्या पर्यायांत सिस्टिम रीजन, म्हणजे यंत्राचा देश, असतं. ते 'ऑटो'वर ठेवलंत तर सोनिक अमेरिकनच चालेल, कारण वडोदऱ्याच्या काकांनी सांगितलं तशी त्यावर तिन्ही खुणा आहेत. हाताने पाल करा आणि गेम पुन्हा सुरू करा.

तुमचं वाचून आत्ता मोजून पाहिलं. खेळातलं घड्याळपण चित्रंच मोजतं ना! मोबाईलचं स्टॉपवॉच शेजारी ठेवलं. अमेरिकन ठेवून खेळातलं एक मिनिट साठ सेकंदांत झालं. पाल केल्यावर त्याच एका मिनिटाला बहात्तर सेकंद लागले. एक सांगायला हवं, माझा पडदा ६० चाच आहे, त्यामुळे पालवर लांब पळताना चित्र बारीक अडखळतं. लय मात्र बरोब्बर तुमची.

कॅसेट तुमच्याच आहेत, तर त्यातला गेम कॉम्प्युटरवर उतरवून घेणारं यूएसबीचं यंत्र मिळतं, माझ्या मित्राकडे आहे. डबा घेऊन या. ती अडलेली कॅसेटपण चालेल. शनिवारसाठी माझा आरजी घेऊन जा, परत द्यायची घाई नाही.

रामबागची_लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. अडॅप्टर खरंच आला होता, लावणारच होते. आता कपाटात सगळ्यात वरच्या फळीवर ठेवलाय आणि त्यावर चिकटपट्टी लावून लिहिलंय "लावू नये".

काल पिक्सेलच्या घरी डबा घेऊन गेले, आईपण आली. सातपैकी सहा कॅसेट उतरल्या. सातवीचे दात हिरवे पडलेत, ती वडोदऱ्याला दाखवायची आहे. डाग_आणि_तार दादा, कुरियरने पाठवू का?

पालवर सोनिक लावला. आईने खुर्ची ओढली, मांडीवर बोटांनी ठेका धरला आणि म्हणाली, "हां. आता तुझे बाबा ऑफिसातून यायची वेळ झाली." साडेपाचला यायचे ते, आणि मी कंट्रोलर सोफ्याखाली सरकवायचे. ठेकाकाका, तुमचा नमस्कार सांगितला. लाजली ती.

पुढच्या उड्या मी एकदाही चुकले नाही. बोटांना ५० ची सवय होती इतकंच.

आता एकच विचारायचंय. नोमॅडला बाहेरून कंट्रोलर जोडायची जागा आहे, ती दुसऱ्या खेळाडूचीच ना? म्हणजे दादाने नोमॅड हातात धरायचा आणि मी कंट्रोलर घेऊन त्याच्या खांद्यावरून बघत खेळायचं, असं जमेल?

डाग_आणि_तार (वडोदरा)

जमेल. ती जागा दुसऱ्या खेळाडूचीच आहे. पण सव्वातीन इंचात दोघांनी डोकी खुपसण्यापेक्षा मेगा ड्राइव्ह २ ची एव्ही वायर मिळवा, ती नोमॅडला बसते. टीव्ही अमेरिकन, ६० चं चित्र घेतो का ते सेटिंगमध्ये आधी बघून ठेवा. कॅसेट पाठवा, बबल रॅपमध्ये, फडक्यात नको.