लिंकिन पार्क: तुमच्यासाठी बँड नेमका कुठे बदलला? (अनुभव धागा)

निशाचर

येत्या जानेवारीत (२०२६) लिंकिन पार्क हा अमेरिकन रॉक बँड मुंबईत वाजवणार आहे, लोलापलूझा संगीत महोत्सवात, महालक्ष्मी रेसकोर्सवर. बातमी आल्यापासून आमच्या शाळेच्या ग्रुपवर तिकिटांपेक्षा भांडणच जास्त चाललंय. विषय एकच: कुठलं लिंकिन पार्क खरं? भांडण ऐकता ऐकता जाणवलं की प्रत्येक जण वेगळ्याच गोष्टीबद्दल बोलतोय. म्हणून हा धागा.

ज्यांनी हा प्रवास पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. २००० चा 'हायब्रिड थिअरी' आणि २००३ चा 'मीटिओरा' एकाच मुशीतले: जड गिटार, माइक शिनोडाचं रॅप, चेस्टर बेनिंग्टनची किंकाळी आणि मागे डीजे जो हानचं स्क्रॅचिंग (तबकडी पुढेमागे घासून काढलेला आवाज). २००७ च्या 'मिनिट्स टू मिडनाइट'मध्ये रॅप दोनच गाण्यांपुरतं उरलं. २०१० च्या 'अ थाउजंड सन्स'मध्ये गिटारही मागे सरली. २०१४ ला 'द हंटिंग पार्टी'त ती त्वेषाने परतली, आणि २०१७ ला 'वन मोअर लाइट' आला तो चक्क पॉप. दोन महिन्यांनी चेस्टरने आयुष्य संपवलं. मग सात वर्षांनी, २०२४ ला, एमिली आर्मस्ट्राँगच्या आवाजात 'फ्रॉम झीरो'.

यातला एखादा अल्बम नवा असताना पहिल्यांदा लावलात तेव्हा कुठे होतात, काय वाटलं, आणि आज काय वाटतं, ते लिहा. श्रेष्ठ-कनिष्ठ नको, स्वतःचं सांगा.

माझी सुरुवात 'मिनिट्स टू मिडनाइट'ची. 'ट्रान्सफॉर्मर्स' संपला, श्रेयनामावली सुरू झाली आणि 'व्हॉट आइव्ह डन' लागलं. थिएटरचे दिवे लागले तरी आम्ही चौघे खुर्च्या सोडेनात. पुढे अल्बम मिळवला, तर त्यात एकीकडे 'गिव्हन अप' होतं, ज्यातली चेस्टरची सतरा सेकंदांची सलग किंकाळी आम्ही वर्गात घड्याळ लावून मोजली, आणि दुसरीकडे सहा मिनिटांचं 'द लिटल थिंग्ज गिव्ह यू अवे', कॅटरिना वादळात बुडालेल्या न्यू ऑर्लिन्सवरचं, सावकाश चढत जाणारं. मित्रांना पहिलं हवं होतं. मला दुसरं जास्त आवडलं आणि ते सांगायला मला बरेच दिवस लागले.

कृष्णाकाठ

मी 'मीटिओरा'पाशी थांबलो आणि आजही तिथेच आहे. त्यात मला काही कमीपणा वाटत नाही.

मराठी माध्यमातून इंजिनिअरिंगला गेलेल्यांना कळेल. पहिल्या वर्षी वर्गात सगळं इंग्रजी, पोरं आपसात इंग्रजी, आणि आपण शेवटच्या बाकावर गप्प. दोन विषयांत केटी, म्हणजे नापास. घरी सांगायची हिंमत नाही. रूममेटकडे 'हायब्रिड थिअरी'ची कॅसेट होती. बारा गाणी, अडतीस मिनिटांच्या आत सगळा खेळ खलास. शब्द मला निम्मेच कळायचे. पण 'क्रॉलिंग'चा मुखडा सुरू झाला की आत जे साचलेलं असायचं त्याला आवाज मिळायचा. मला ओरडता येत नव्हतं, तो माझ्या वाटचं ओरडत होता. हे मी अजिबात वाढवून सांगत नाही. त्या वर्षी त्या कॅसेटने मला धरून ठेवलं.

'अ थाउजंड सन्स' आला तेव्हा मी चाकणला नोकरीला लागलो होतो. पहिल्या पाळीच्या बसमध्ये पहाटे कानात लावला. पंधरापैकी निम्मे ट्रॅक संपले तरी गिटार नीट अशी येईना. मधेमधे भाषणं, कुठे नुसता गुंजारव. तळेगाव फाट्यापर्यंत थांबलो आणि बंद केला. पुढे दोनदा पुन्हा प्रयत्न केला, नाही जमलं.

लोक म्हणतात, कलाकाराने पुढे जायचं नाही का? जावं की. त्याचा तो हक्कच आहे. पण ऐकणाऱ्यानेही मागोमाग चाललंच पाहिजे, नाही गेला तर तो कोता, हे मला मान्य नाही.

टिपरू

कृष्णाकाठ, तुमचं पटलं. पण वाजवणाऱ्याच्या बाजूने थोडं सांगतो.

आमचा पुण्यात कॉलेजचा बँड होता. मी गिटारवर. 'हायब्रिड थिअरी'ची गाणी शिकणाऱ्यासाठी वरदान आहेत: जाड तार खाली उतरवून घ्यायची, एका बोटाने तीन तारा दाबायच्या, डिस्टॉर्शन चालू, आणि हॉल हलतो. अवघड काही नाही. खरी कारागिरी आहे ती थांबण्याच्या जागांत. कडव्यात गिटार जवळपास गप्प असते, रॅपला मोकळी जागा देते आणि मुखड्याला भिंतीसारखी येऊन आदळते. हे आम्हाला वाजवून वाजवून कळलं.

म्हणून 'आवाज अचानक बदलला' हे मला तितकंसं मान्य नाही. 'मीटिओरा'मधलंच 'ब्रेकिंग द हॅबिट' पुन्हा ऐका. रॅप नाही, किंकाळी नाही, जड रिफ नाही. तंतुवाद्यं आणि धावता ताल. आणि ते आपल्या सगळ्यांचं लाडकं गाणं आहे! दार तेव्हाच किलकिलं झालं होतं.

तरीही २०१० ला आमची पंचाईत झालीच. 'अ थाउजंड सन्स' बसवायला घेतला आणि दोन गिटारवाल्यांना कामच उरलं नाही. आमचा एक गिटारवाला त्याच महिन्यात बँड सोडून गेला. मी मात्र 'व्हेन दे कम फॉर मी'वर अडकलो. मी गणपतीत पथकात ढोल वाजवतो. त्या गाण्यात ताल ज्या तऱ्हेने अंगावर येतो, ते लक्ष्मी रोडवर पथकाच्या मधोमध उभं राहिल्यासारखं आहे. चामड्याचा दणका, त्यावर खणखणीत टिपरू, आणि माणूस या सगळ्याच्या आत. रॉक ऐकताना मला असं कधी झालं नव्हतं. गिटार बाजूला ठेवून त्या वर्षी मी सॅम्पलर (आवाजाचे तुकडे साठवून वाजवायचं यंत्र) शिकलो. आज पोट त्यावरच चालतं, जाहिरातींचं संगीत करतो.

अबोली

'अ थाउजंड सन्स'बद्दल मलाही लिहायचंय, पण वेगळ्या अंगाने.

बाबा संस्कृतचे शिक्षक, तेव्हा नुकतेच निवृत्त झाले होते. माझं इंग्रजी संगीत म्हणजे त्यांच्या लेखी गोंगाट. त्या दिवशी घरात कुणी नाही असं समजून मी हॉलमधल्या स्पीकरवर अल्बम लावला. 'द रेडियन्स' नावाचा अगदी छोटा तुकडा आहे. त्यात रॉबर्ट ओपेनहायमरचा खरा आवाज आहे, अणुबाँबच्या पहिल्या चाचणीची आठवण सांगताना तो गीतेचं वचन उच्चारतो. थकलेला, तुटक आवाज. बाबा आतल्या खोलीतून बाहेर आले, हातात चष्मा तसाच. "पुन्हा लाव." लावलं. म्हणाले, "अकरावा अध्याय. कालोऽस्मि लोकक्षयकृत्." मग मी त्यांना अल्बमचं नाव सांगितलं आणि ते तिथेच खुर्चीवर बसले. "दिवि सूर्यसहस्रस्य," एवढंच म्हणाले.

त्या संध्याकाळी आम्ही दोघांनी अल्बम सलग ऐकला. मार्टिन ल्यूथर किंगचं भाषण आलं तेव्हा त्यांनी ते ओळखलं, मी ओळखलं नव्हतं. 'द मेसेंजर'पर्यंत, म्हणजे शेवटच्या, साध्या गिटारवरच्या गाण्यापर्यंत, ते उठले नाहीत. आवडलं का विचारलं तर म्हणाले, "पोरं भ्यायली आहेत, आणि भ्यायला पाहिजेच." मी इतकी वर्षं ऐकत होते, पण हा अल्बम भीतीबद्दल आहे हे मला त्यांच्यामुळे दिसलं.

माझ्या मैत्रिणींना तो अल्बम आजही कंटाळवाणा वाटतो. एकेक गाणं सुटं ऐकलं तर वाटेलही. तो अखंड ऐकायचा अल्बम आहे, एक ट्रॅक दुसऱ्यात विरघळतो. फोनवर गाणी पुढे ढकलत ऐकायची सवय लागली की असं काम पदरात पडत नाही, हे माझं ठाम मत.

संत्रानगरी

'द हंटिंग पार्टी'बद्दल कोणीच लिहीत नाहीये, म्हणून लिहितो. सगळे सात वर्षं गिटार गिटार करत होते ना? घ्या म्हणून दिली. शिनोडा आणि गिटारवादक ब्रॅड डेल्सन यांनी स्वतः निर्मिती केली, 'रेज अगेन्स्ट द मशीन'चा गिटारवादक टॉम मोरेलो आला, 'सिस्टिम ऑफ अ डाउन'चा डॅरन मलाकियन आला, रॉब बोर्डनने आयुष्यात वाजवले नसतील असे ड्रम्स वाजवले. आणि झालं काय? अमेरिकेत आधीचे अल्बम पहिल्या क्रमांकावर यायचे, हा तिसऱ्यावर अडला. माझ्या ओळखीतल्या 'जुनं लिंकिन पार्क परत आणा'वाल्यांनी तो धड ऐकलाही नाही. मला वाटतं, त्यांना गिटार नकोच होती. त्यांना दहावी-बारावीचं वय परत हवं होतं. ते कोणता बँड देणार?

टेम्सकाठची

'वन मोअर लाइट'वर लिहिणं जड जातंय, पण लिहिते.

फेब्रुवारी २०१७ ला त्यातलं 'हेवी' आलं तेव्हा मी लंडनमध्ये नवीन होते. पहिल्यांदा ऐकलं आणि वाटलं, हे तर रेडिओवरचं कुठलंही गाणं असू शकतं. गायिका कीआराच्या आवाजाबरोबर चेस्टरचा इतका मऊ आवाज, मागे कापून-जोडून केलेले आवाजांचे तुकडे. बाहेरचे गीतकार घेतले होते. चाहत्यांचा राग भयानक होता. जूनमध्ये फ्रान्सच्या हेलफेस्ट महोत्सवात नव्या गाण्यांवर हुर्यो झाली.

पण मला अल्बम आवडायला लागला होता. सर्वांत आधी आवडलं ते अल्बमच्याच नावाचं गाणं. रेकॉर्ड कंपनीतली त्यांची एक मैत्रीण कर्करोगाने गेली, तिच्यासाठी लिहिलेलं. त्यात रागाला जागाच नाही. एक माणूस गेल्याने कुणाला काय फरक पडतो, या प्रश्नाला साधं, थेट उत्तर आहे. अल्बम बाहेर यायच्या आदल्या दिवशी चेस्टरचा मित्र, गायक ख्रिस कॉर्नेल वारल्याची बातमी आली आणि त्या रात्री टीव्हीवर त्यांनी 'हेवी' बाजूला ठेवून हेच गायलं. चेस्टरचा गळा दाटत होता, तरी तो सूर सोडत नव्हता.

३ जुलैला मी लंडनच्या ओ-टू अरीनाला त्यांच्या कार्यक्रमाला गेले. 'क्रॉलिंग' त्या दौऱ्यात ते फक्त पियानोवर करत. कृष्णाकाठ, तुमच्या 'क्रॉलिंग'बद्दल वाचताना मला तेच आठवलं. किंकाळी नाही, गिटार नाही. चेस्टर कडेला येऊन हलकेच गात होता आणि अख्खं अरीना त्याच्याबरोबर. माझ्या शेजारी चाळिशीचे एक गृहस्थ होते, अंगावर 'हायब्रिड थिअरी'चा विटलेला टीशर्ट. 'हेवी'ला हाताची घडी घालून उभे होते, 'क्रॉलिंग'ला डोळे पुसत होते. माणसं एका रात्रीत दोन्ही असू शकतात.

२० जुलैला तो गेला. त्यानंतर सगळे त्या अल्बमकडे परतले आणि प्रत्येक ओळीत निरोप शोधू लागले. मला ते सहन होत नाही. मी तो अल्बम मे महिन्यात, तो जिवंत असताना, आवडून ऐकत होते. एका चाळिशी ओलांडलेल्या गायकाने शांतपणे गायचं ठरवलं, ते त्याने उत्तम केलं. त्या कामाला काम म्हणून दाद मिळावी. त्याला शेवटची चिठ्ठी करून टाकू नका.

चिऊ२००२

मी इथे बहुतेक सगळ्यांत लहान. माझं लिंकिन पार्क 'हेवी'पासून सुरू होतं! पंधरा वर्षांची होते, आजारपणामुळे सहा महिने शाळा बुडाली होती. कृष्णाकाठ दादांना 'क्रॉलिंग'ने जे दिलं ते मला या गाण्याने दिलं. मला कुणी ओरडायला नको होतं, शेजारी बसून हळू बोलणारं हवं होतं. दादाच्या कॉम्प्युटरवरचे जुने अल्बम मी नंतर, उलट्या क्रमाने ऐकले. 'हायब्रिड थिअरी' सगळ्यांत शेवटी. तो मला फार आवडला, पण मला तोच 'बदललेला आवाज' वाटला.

'फ्रॉम झीरो'वरून घरात मोठं वाजलं. दादा म्हणाला, चेस्टरशिवाय हे नाव लावायलाच नको होतं. मी म्हटलं, 'हेवी इज द क्राउन'मधली एमिलीची ती लांब किंकाळी एकदा ऐक. त्याने ऐकली. काही बोलला नाही, पण तिकिटं दोन काढलीत.

कृष्णाकाठ

चिऊ, तुझं वाचलं. मला दादा म्हणालीस म्हणून मोकळेपणाने लिहितो. 'वन मोअर लाइट' मला अजूनही भावत नाही, आणि चेस्टर गेला म्हणून आवडल्याचं नाटक मी करणार नाही. त्याने ऐकणाऱ्यांशी कधी खोटेपणा केला नाही, मग त्याच्याशी मी का करू? पण तुला त्या गाण्याने जे दिलं ते मला नीट कळतं. ते मी कुणालाही हसू देणार नाही.

२०२३ ला 'मीटिओरा'ला वीस वर्षं झाली तेव्हा त्यांनी त्या काळातलं 'लॉस्ट' हे न आलेलं गाणं बाहेर काढलं. कराडहून येताना हायवेवर पहिल्यांदा ऐकलं. गाडी बाजूला घ्यावी लागली. माझ्या बँडने माझ्यासाठी एक गाणं राखून ठेवलं होतं, असं वाटलं.

महालक्ष्मीला मी येतोय. 'मीटिओरा'तल्या 'फेंट'ला पुढे असेन. 'हेवी' लागलं तर थोडा मागे सरकेन, तुम्हा दोघा भावंडांना पुढे जागा होईल. टिपरू, अबोली, तुम्ही पहिल्या दिवसाचं काढलंय की दुसऱ्या?