अरुंधतीचे दुसरे लग्न रुचले नव्हते, मग आशुतोष गेल्याचा राग कशासाठी?

पूर्णाकाठ (परभणी)

सर्वांना नमस्कार. ‘आई कुठे काय करते’ ही मालिका नोव्हेंबर 2024 मध्ये संपली, तरी आमच्या गल्लीत ती अजून संपलेली नाही. परवा माळवदावर कुरडया घालायला आईसह पाच-सहा जणी पहाटेच जमल्या होत्या. चीक हाटून झाला, सोऱ्या या हातातून त्या हातात फिरू लागला आणि विषय निघाला तो नेहमीप्रमाणे मालिकेच्या नायिकेचा, अरुंधतीचा. मी चहा घेऊन वर गेलो तेव्हा जे कानावर पडले, त्यातून पडलेला प्रश्न येथे मांडतो आहे.

ही मालिका डिसेंबर 2019 मध्ये सुरू झाली आणि बराच काळ संध्याकाळी साडेसातला लागत असे. मार्च 2024 मध्ये ती दुपारी अडीचला नेण्यात आली. त्यासोबत आमच्या घरातले पुरुष प्रेक्षक गळाले, पण बायकांना ती वेळ उलट सोयीची झाली. कारण साडेसातला त्या तव्यासमोर उभ्या असत आणि भाकरी थापता थापता कानाने मालिका ऐकत, तर अडीचला घर त्यांचे असे. शेजारच्या दोघी-तिघी लसूण सोलायला किंवा ज्वारी निवडायला घेऊन हक्काने येऊन बसत. वीज गेली तर माझ्या धाकट्या बहिणीचा मोबाईल पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला जाई आणि पाच डोकी त्यावर वाकत.

अरुंधतीचा नवरा अनिरुद्ध याने संजना या दुसऱ्या बाईसाठी संसार मोडला, तेव्हा या सगळ्यांचे एकमत होते. त्याला दिलेल्या शिव्या येथे लिहिण्याजोग्या नाहीत. मात्र 2023 मध्ये अरुंधतीने आशुतोषशी लग्न केले आणि वारे फिरले. “लेकरं लग्नाची झाली, आता हिला काय सुचायलंय?” हे माझ्या आईचे वाक्य आहे, आणि आई काही जुन्या वळणाची बाई नव्हे. त्या लग्नाचे भाग चालू असताना प्रत्येक जाहिरातीच्या वेळी नाके मुरडली गेली, पण एकही भाग कोणी चुकवला नाही.

पुढच्या वर्षी अपघातात आशुतोष गेला. त्या दुपारी आमच्याकडे चहासुद्धा झाला नाही. शेजारच्या काकू, ज्यांचे यजमान फार लवकर गेले, त्या निवडत असलेले सूप तसेच ठेवून उठल्या आणि दारात थांबून म्हणाल्या, “नवरा सोडून गेला तव्हा बी बाईलाच बोल, अन् मेला तव्हा बी बाईनंच भोगायचं. असलं दाखवायची काय गरज होती माय?” आता मला कळत नाही ते हे, की ज्यांना हे लग्न मुळात नको होते, त्यांनी ते संपल्यावर लेखकाला एवढे बोल का लावावेत? या प्रेक्षकांना नेमके काय हवे असते, कुटुंब की प्रेम?

मांजराकाठची (लातूर)

दादा, आपल्या प्रश्नातले “की” मला चुकीचे वाटते. आमच्या घरीही नेमके असेच घडले, आणि मी स्वतः त्या नाक मुरडणाऱ्यांत होते, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

‘अग्गंबाई सासूबाई’ 2019 मध्ये आली तेव्हा आसावरीचे दुसरे लग्न याच बायकांनी कौतुकाने पाहिले होते. फरक कुठे होता ते पाहा. आसावरी विधवा होती, तिने आयुष्यभर सगळ्यांचे केले होते आणि लग्नासाठी पुढाकार तिच्या सुनेने घेतला होता. सून सासूचे लग्न लावते म्हटल्यावर घराची संमती आपोआप मिळाली. आसावरीला स्वतःच्या तोंडाने “मला हा माणूस हवा आहे” असे फारसे म्हणावेच लागले नाही. अरुंधतीच्या बाबतीत पहिला नवरा जिवंत, नजरेसमोर, आणि लेकरे त्याच समृद्धी बंगल्यात राहणारी. तिने लग्न केले म्हणजे कोणाला तरी न विचारता केले असे आपल्याला वाटत राहिले, मग अभि, यश आणि ईशा ही तिची मुले कितीही मोठी झालेली असोत. आपल्याकडे बाईचे सुख वाढून दिले तर चालते. तिने उठून हाताने घेतले की ताटावरचे सगळे तिच्याकडे बघतात.

आता घरातली एक गोष्ट सांगते. माझ्या मावसबहिणीचा घटस्फोट झाल्यानंतर सहा वर्षांनी तिला एक स्थळ आले. मुलगी दहावीत होती. मावशी तयार, पण मामा अडून बसले होते, आणि बैठकीत त्या विषयावर कोणी तोंड उघडेना. अशा वेळी आमची औशाची आत्या, जिने अरुंधतीला आठवडाभर नावे ठेवली होती, तीच म्हणाली, “त्या अरुंधतीचं बघा, लेकरं तुटली का? मग हिची कशी तुटतील?” मी थक्क झाले. टीव्हीसमोर बसून केलेली टीका म्हणजे तिचा निकाल नव्हता. तिने त्या निमित्ताने मनातल्या मनात दोन्ही बाजू मांडून घेतल्या होत्या. बहिणीचे नाव घेऊन ज्या गोष्टी बोलता आल्या नसत्या, त्या अरुंधतीचे नाव घेऊन वर्षभर बोलून झाल्या होत्या. लग्न झाले, आणि मामांनी स्वतः पाहुण्यांना टोप्या-उपरणी दिली.

त्यामुळे आशुतोष गेला तेव्हा आम्हाला जो राग आला, तो आमच्या या सगळ्या वादावर लेखकाने पाणी ओतल्याचा होता. ती सुखी झाली असती तर कुरकुर करत का होईना आम्ही मान्य केले असते. तिला शिक्षा झाल्यासारखे दाखवले, आणि मामांसारख्यांना “बघा, आम्ही म्हणत नव्हतो का” असे म्हणायची सोय झाली.

गोदाकाठ (नांदेड)

इतका विचार करायची गरज नाही असे वाटते. आपल्या आई अरुंधतीकडे लेकीसारखे पाहत होत्या. लेकीने मनाविरुद्ध लग्न केले तर आई चार महिने बोलत नाही, पण जावई गेला तर आईच आधी कोसळते. यात विसंगती कुठे आहे?

जुना टीव्हीवाला (छत्रपती संभाजीनगर)

वरील प्रतिसाद वाचले. लातूरच्या ताईंचे म्हणणे मनाला पटते, तरी मालिका लिहिणारा माणूस आपल्या आत्याचा विचार करून लिहीत असेल, असे मानणे थोडे भाबडेपणाचे आहे. माझा एक नातेवाईक मुंबईत काही वर्षे मालिकांच्या लेखन-विभागात होता, त्यामुळे त्या कारखान्याचा वास मला थोडाफार परिचित आहे.

तेथे सगळे डोळे गुरुवारकडे लागलेले असतात, कारण त्या दिवशी बार्कचे, म्हणजे टीव्हीचे प्रेक्षक मोजणाऱ्या संस्थेचे, आठवड्याचे आकडे येतात. हे आकडे निवडक घरांत बसवलेल्या यंत्रांवरून काढतात. आपल्या काकूंच्या घरी ते यंत्र नसेल, तर त्यांचे अश्रू कोणत्याच आकड्यात मोजले जात नाहीत, हे आधी लक्षात घ्यावे. आकडा घसरला की “हाय पॉइंट” मागितला जातो. म्हणजे लग्न, अपहरण, अपघात, स्मृती जाणे आणि मृत्यू. अर्ध्या तासाच्या वेळेत जाहिराती वजा जाता बावीस-तेवीस मिनिटांची कथा उरते, आणि आठवड्याला असे सहा भाग भरायचे असतात. सुखी जोडप्याने हे भाग भरत नाहीत. नवरा-बायको रोज संध्याकाळी चहा पीत गप्पा मारतात, हे दोन दिवस गोड वाटते. तिसऱ्या दिवशी त्यांच्यापैकी एकाला गाडीत बसवून घाटात पाठवावे लागते. क्वचित नटालाच मोकळे व्हायचे असते आणि मृत्यू हा त्याचा निरोप-समारंभ असतो. या मालिकेत नेमके कोणते कारण होते, याबद्दल मी काही म्हणत नाही.

ताणण्याची ही खोड जुनी आहे. ‘होणार सून मी ह्या घरची’मध्ये जान्हवीचे गरोदरपण इतके लांबले होते की त्यावरचे विनोद मालिकेपेक्षा जास्त लोकांपर्यंत पोहोचले असतील. ‘चार दिवस सासूचे’ 2001 ते 2013 चालली आणि तिचे तीन हजारांहून अधिक भाग झाले. चार दिवसांचा हा हिशेब आमचे वडील मोठ्याने करून दाखवत. मात्र ‘माझ्या नवऱ्याची बायको’च्या वेळी मला एक गोष्ट जाणवली होती, ती आपल्या प्रश्नाशी जुळते. नवऱ्याने फसवलेल्या राधिकाने मसाल्यांचा व्यवसाय उभा केला, तो अविश्वसनीय वेगाने वाढला, तेव्हा आमच्या घरातली हिशेबाला अत्यंत काटेकोर असलेली बाईसुद्धा टाळ्या वाजवत होती. बाईला पैसा मिळाला, मान मिळाला, तिच्या नवऱ्याची, गुरुनाथची जिरली, यावर कोणाचाच आक्षेप नव्हता. आक्षेप येतो तो तिच्या आयुष्यात दुसरा पुरुष आला की. तेव्हा कुटुंब की प्रेम, असे न विचारता यश की प्रेम, असे विचारून पाहा. उत्तर लवकर मिळेल.

ता. क. नांदेडकरांचा जावयाचा मुद्दा मात्र बिनतोड आहे. मला तीन परिच्छेद लागले.

पूर्णाकाठ (परभणी)

सर्वांचे आभार. काल दुपारी धीर करून आईला थेट विचारले, की तुला ते लग्न आवडले नव्हते, मग तो गेल्यावर तू लेखकावर का चिडलीस. कुरडया वाळून डब्यात भरायच्या होत्या, त्यामुळे तिने माझ्याकडे न पाहताच उत्तर दिले: “मला आवडलं नव्हतं ते माझं मी अन् तिचं ती बघून घेतलं असतं. मधी पडणारा तो कोण?”

त्यानंतर तिने मोडक्या कुरडयांचे वेगळे पुडके बांधले आणि ते शेजारच्या काकूंकडे देऊन ये म्हणाली. काकूंनी पुडके घेतले, मला ओसरीवर बसवले आणि अडीचला आता कोणती मालिका लागते ते मोबाईलवर बघून सांगायला लावले.

मांजराकाठची (लातूर)

आपल्या आईंना माझा नमस्कार सांगा. आत्याला हे वाक्य फोनवर ऐकवले. ती म्हणाली, परभणीच्या बाईला म्हणावं, एकदा औशाला यावं.