गल्लीतल्या बँकेच्या आठवणी लिहा

लालबागला आमच्या चाळीसमोर देना बँकेची छोटी शाखा होती. देवकरण नानजी या नावातली अक्षरं घेऊन झालेलं नाव. १९३८ ची बँक, १९६९ मध्ये राष्ट्रीयीकरण झालेल्या चौदांपैकी एक. १ एप्रिल २०१९ ला ती बँक ऑफ बडोदात विलीन झाली, पाटी उतरली. एवढं कुठेही वाचायला मिळतं. काउंटरच्या अलीकडे-पलीकडे काय घडलं ते आपणच लिहायला हवं. शाखा कुठलीही चालेल.

*

मी परळला क्लार्क होतो, लेजरच्या जमान्यातला. तेव्हा बचत खात्यावर व्याज मिळायचं ते १० तारखेपासून महिनाअखेरपर्यंतच्या सर्वांत कमी शिलकेवर. ११ ला पैसे भरले की त्या महिन्याचं व्याज गेलं. म्हणून ९-१० तारखेला ही गर्दी! गिरणीतून सुटलेला कुणी धापा टाकत आला तर आमचा कॅशियर बंद केलेली कॅश पुन्हा उघडायचा. नियमात बसत नव्हतं, पण त्यात चूक होती असं मला आजही वाटत नाही. रोजच्या शिलकेवर व्याज थेट २०१० मध्ये आलं.

*

वडिलांचं पासबुक जपून ठेवलंय. जानेवारी १९८२ पर्यंत दर महिन्याला जमा. मग संप, आणि पुढे फक्त पैसे काढल्याच्या नोंदी. ४०, २५, १५. नंतरची पानं कोरी. त्याच पिशवीत दुसरं पासबुक आहे, आईचं. पहिली नोंद ७ रुपये जमा. ती डबे करून द्यायला लागली होती. सही तिला शिपाईकाकांनी जुन्या स्लिपांच्या मागे गिरवून गिरवून शिकवली.

*

नोव्हेंबर म्हणजे हयातीचा दाखला. आजीला जिने उतरवत नसत, तर बँकेतल्या बाई जेवणाच्या सुट्टीत घरी यायच्या.

*

सगळंच गोड नव्हतं. आमच्या सहकारी बँकेवर निर्बंध आले आणि मुलीच्या लग्नाचे पैसे अडकले. ठेव विमा तेव्हा १ लाखापर्यंतच होता, ५ लाख झाला फेब्रुवारी २०२० मध्ये. ज्या शाखाधिकाऱ्यांच्या शब्दावर ठेव ठेवली, ते रोज दारात उभं राहून एकेकाला उत्तर देत होते. त्यांचेही पैसे तिथेच होते. रागवायचं कुणावर?

*

पासबुकवाल्या ताई, तुमच्या आईचं खातं आमच्याच शाखेत का? लोखंडी सरकतं दार, डाव्या हाताला कॅश?

*

हो, तीच. दाराजवळच्या बाकावर आईचं पितळी टोकन मुठीत धरून मी बसायचे. नंबर पुकारला तरी लवकर सोडायचे नाही.