सिझरनंतर पाळी परत आली पण पहिल्यासारखी नाही, कोणाला असं झालंय का?

नवीआई
मैत्रिणींनो, जरा मोकळेपणाने विचारते, कारण घरात विचारलं तर प्रत्येकजण वेगळंच सांगतंय. माझं सिझर झालंय, बाळ आता पाच महिन्यांचं होत आलं. डिलिव्हरीनंतर महिनाभर अंगावरून जात होतं, आधी लाल, मग तपकिरी, मग पिवळट पांढरं आणि मग थांबलं. मला वाटलं बाळ अंगावर पितंय तोवर आता पाळी काही येत नाही. तर मागच्या महिन्यात अचानक आली, आणि आली ती अशी की पहिले दोन दिवस दर दोन-अडीच तासांनी पॅड बदलावं लागत होतं, गाठी पडत होत्या, ओटीपोटात टाक्यांच्या आसपास ओढल्यासारखं दुखत होतं. आधी माझी पाळी कधी चार दिवसांच्या वर गेली नाही, ही आठवडाभर चालली आणि वर दोन-तीन दिवस तपकिरी डाग. आणि आता या महिन्यात तारीख उलटून गेली तरी पत्ता नाही.

माझ्या जावेची नॉर्मल डिलिव्हरी, तिला बाळ वर्षाचं होईपर्यंत आली नव्हती. सासूबाई म्हणतात सिझरमध्ये पिशवी नीट साफ होत नाही म्हणून तुझी लवकर आली आणि एवढी गेली. खरं आहे का हे? पाळीच्या दिवसांत बाळ पण सारखं चिडचिड करत होतं, दोन मिनिटं ओढलं की सोडून द्यायचं. एकीने तर सांगितलं की पाळीत दूध पाजूच नये. प्लीज कोणाला नीट माहिती असेल तर सांगा.

दोनपिल्लं
अगं माझी दोन्ही सिझर. पहिल्या वेळी दूध नीट उतरलंच नाही, वरचं दूध चालू होतं, तर दोन महिन्यांच्या आत पाळी हजर. दुसऱ्या वेळी फक्त अंगावरचं, रात्री पण दोन-तीनदा उठून पाजायचे, तेव्हा बाळ वर्षाचं होऊन गेल्यावर आली. ऑपरेशन तेच, पोट तेच, फरक फक्त पाजण्याचा होता. त्यामुळे जावेशी तुलना करत बसू नकोस. आणि हो, पहिल्या दोन-तीन पाळ्या माझ्या पण अशाच वेड्यावाकड्या होत्या, नंतर बसली घडी.

वॉर्डातली_सिस्टर
नवीआई, मी बरीच वर्षं प्रसूती वॉर्डात नर्स आहे, हा प्रश्न रोज ऐकते म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पिशवी साफ होत नाही हे आधी डोक्यातून काढ. सिझरमध्ये वार काढली की डॉक्टर तिथेच पिशवी आतून पुसून घेतात. तरीही नंतर अंगावरून जातंच, कारण वार जिथे चिकटलेली असते तिथे आत मोठी जखम राहते आणि ती भरायला चार ते सहा आठवडे जातात, डिलिव्हरी कशीही झालेली असो. तू जो रंग बदलत गेल्याचं लिहिलंस तो अगदी बरोबर क्रम आहे, म्हणजे आतली जखम व्यवस्थित भरत गेली.

आता पाळी लवकर का आली. बाळ ओढतं तेव्हा मेंदूतून प्रोलॅक्टिन नावाचं हार्मोन वाढतं, ते दूध तयार करतं आणि त्याच वेळी बीजकोशाला काम सुरू करायचे जे सिग्नल जातात ते दाबून ठेवतं. बाळ जितक्या वेळा ओढतं, विशेष करून रात्री, तितका हा दाब टिकतो. गॅप वाढला की दाब सुटतो. अजिबात न पाजणाऱ्या बायकांना साधारण सहा ते बारा आठवड्यांत पाळी येते, फक्त अंगावर पाजणाऱ्यांना सहा महिने, वर्ष, कधी दीड वर्ष पण लागतं. यात टाक्यांचा काही संबंध नाही. तुझं बाळ हल्ली रात्री सलग झोपतं का? किंवा एखादी बाटली सुरू केलीस का? बहुतेक उत्तर तिथेच मिळेल.

जास्त जाण्याबद्दल. सुरुवातीच्या बऱ्याच पाळ्यांमध्ये बीज बाहेरच पडलेलं नसतं. मग काय होतं, पिशवीचं आतलं अस्तर वाढत राहतं, त्याला आवर घालणारं प्रोजेस्टेरॉन तयार होत नाही, आणि ते अस्तर कधीतरी एकदम आणि कसंही सुटतं. म्हणून जास्त जातं, गाठी पडतात, तारखा चुकतात. तीन-चार महिने असं चाललं तरी सहसा काळजीचं नसतं. पण सिझरमध्ये तसंही नॉर्मलपेक्षा जास्त रक्त जातं, अर्धा ते एक लिटर हे नेहमीचं, त्यात ही पाळी, त्यामुळे हिमोग्लोबिन मात्र तपासून घे. १२ च्या खाली असेल तर लोहाच्या गोळ्या लागतील. चक्कर, धाप, जिना चढताना छातीत धडधड हे सगळं "बाळंतपणाचा थकवा" म्हणून सोडून देतात बायका, मला फार वाईट वाटतं, एका साध्या रक्ताच्या तपासणीचं काम असतं ते.

न थांबता डॉक्टरकडे कधी जायचं: तासाभरात पॅड पूर्ण भिजतंय आणि असं सलग दोन तास चाललंय, लिंबाएवढ्या गाठी पडतायत, ताप आहे, घाण वास येतोय, किंवा डोळ्यांपुढे अंधारी येतेय. यातलं काहीही असेल तर सकाळ व्हायची वाट बघायची नाही.

दूध पाजायला पाळीत काहीही हरकत नाही. पाळीच्या आधी आणि पहिल्या एक-दोन दिवसांत दूध थोडं कमी होऊ शकतं, चवीत पण किंचित फरक पडतो, काही बाळांना ते कळतं आणि ती अशीच ओढून सोडून देतात. जास्त वेळा छातीशी घे, दोन-चार दिवसांत परत होतं सगळं. दूध खराब वगैरे होत नाही.

नवीआई
सिस्टर खूप खूप आभार, डोळ्यात पाणी आलं वाचून. हो, बाळ रात्री आता सहा-सात तास सलग झोपायला लागलंय आणि मला त्याचं इतकं बरं वाटत होतं! बाटली नाही दिली अजून. ती तपकिरी डागांची गोष्ट काय असेल पण?

शांत_दुपार
मी सहसा फक्त वाचते इथे पण तपकिरी डाग वाचलं आणि लिहावंसं वाटलं. मला सिझरनंतर पाळी नियमित झाली, पाच दिवस व्यवस्थित जायची, एक दिवस कोरडा जायचा आणि मग परत सुरू, लाल नाही, गडद तपकिरी, शिळं रक्त असावं तसं, रोज थोडं थोडं, आठवडा-आठवडा. महिन्यातले अर्धे दिवस पॅड लावून काढायचे. किती तरी दिवस हार्मोन्सचं आहे, टेन्शन घेऊ नका हेच ऐकलं, गोळ्या घेतल्या की थांबायचं, सोडल्या की परत. शेवटी एका डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, सिझर झालंय का? आणि पाळी संपल्या संपल्या आतून करायची सोनोग्राफी करायला लावली. स्क्रीनवर त्यांनी दाखवलं, टाक्याच्या जागी पिशवीच्या भिंतीत आतल्या बाजूने एक काळा त्रिकोण दिसत होता. म्हणाल्या ही खाच आहे. तिथला स्नायू भरताना पूर्ण जाडीचा भरला नाही, आतून छोटा खिसा झाल्यासारखं झालं, पाळीचं रक्त त्यात साठतं आणि मग दिवसेंदिवस झिरपत राहतं. रक्त जुनं म्हणून रंग तपकिरी. इतकं सरळ होतं ते!

त्यांनी हेही सांगितलं की सोनोग्राफीत बघायला गेलं तर सिझर झालेल्या बऱ्याच जणींना अशी खाच असते, पण त्रास सगळ्यांना होत नाही आणि त्रास नसेल तर काही करायचं नसतं. त्रास असेल आणि पुढे मूल नको असेल तर गोळ्या किंवा हार्मोनवाला लूप. खाचेवर उरलेली भिंत साधारण ३ मिमीच्या वर असेल तर खालून दुर्बीण घालून खाचेची कड तासून सपाट करतात. भिंत त्याहून पातळ आणि पुढे मूल हवं असेल तर पोटातून दुर्बिणीने दुरुस्त करून शिवतात. माझी भिंत जाड होती, खालूनच झालं, आता पाळी पाच दिवसात संपते ती संपतेच.

तुला लगेच हेच असेल असं अजिबात म्हणत नाही, एकाच पाळीवरून कळत नाही. पण तीन-चार महिने दर वेळी पाळीनंतर तपकिरी येत राहिलं तर सिझर झाल्याचं डॉक्टरांना स्वतःहून सांग आणि टाक्याची जागा बघायला सांग, आपोआप बघितली जाईलच असं नसतं.

वॉर्डातली_सिस्टर
शांत_दुपारने लिहिलंय ते अगदी बरोबर. नवीआई, तुझे दोन-तीन दिवसांचे डाग पहिल्या पाळीत चालतात. कॅलेंडरवर फक्त एवढं लिहीत जा: कधी सुरू, कधी थांबली, डाग किती दिवस, सगळ्यात जास्त गेलं त्या दिवशी किती पॅड. तेवढ्यावर डॉक्टरला अर्धं निदान करता येतं. आणि एक विचारायचं राहिलं, सिझरच्या वेळीच कॉपर टी बसवली होती का? कित्येकींना फाईल वाचेपर्यंत लक्षातच नसतं. कॉपर टीने पाळी जास्त जाते, दुखतं पण जास्त. प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या किंवा इंजेक्शन चालू असेल तर मध्येच डाग पडतात.

रानजाई
टाक्यापाशी दुखतं म्हणालीस म्हणून माझं पण सांगते. सिझरनंतर दोनेक वर्षांनी टाक्याच्या डाव्या टोकाशी कातडीखाली छोटी गाठ लागायला लागली. गंमत म्हणजे, गंमत कसली, पाळी यायच्या दोन दिवस आधी ती टणक व्हायची, साडीची गाठ, पॅंटचा काठ काही सहन व्हायचं नाही, आणि पाळी गेली की उतरायची. कोणी म्हणे आत दोरा राहिलाय, कोणी म्हणे हर्निया. निघालं एंडोमेट्रिओसिस, म्हणजे ऑपरेशनच्या वेळी पिशवीच्या आतल्या अस्तराच्या काही पेशी टाक्याच्या जागी रुजल्या आणि दर महिन्याला पिशवीबरोबर त्याही सुजायच्या. छोट्या ऑपरेशनने पूर्ण काढली, तपासणीत तेच आलं, परत झाली नाही. दर महिन्याला पाळीबरोबरच दुखणारी गाठ असेल तरच हे, नुसतं आतून ओढल्यासारखं वाटणं पाच महिन्यांत अजून असू शकतं, मला वर्षभर होतं.

आकाशकंदील
सगळ्यांनी छान लिहिलंय पण एका गोष्टीकडे कोणाचं लक्ष गेलं नाही वाटतं. नवीआई, तुझी तारीख उलटून गेलीय. प्रेग्नन्सी टेस्ट केलीस का? हार्मोन्सच असतील बहुतेक, पण आधी ते बघून घे.

नवीआई
अगं पण मी अंगावर पाजतेय ना, आणि बाळ पाच महिन्यांचं पण नाही झालं पूर्ण. असं होऊ शकतं?

वॉर्डातली_सिस्टर
होऊ शकतं, आणि आकाशकंदील, बरं झालं आठवण केलीस, हे मीच पहिल्यांदा विचारायला हवं होतं. पाजण्याने दिवस राहत नाहीत हे खरं, पण तीन अटी एकत्र असतील तरच: बाळ ६ महिन्यांच्या आतलं, पाळी एकदाही आलेली नाही, आणि बाळ पूर्णपणे अंगावर, दिवसा चार तासांपेक्षा आणि रात्री सहा तासांपेक्षा जास्त गॅप नाही. तिन्ही पाळल्या तर ९८ टक्के संरक्षण मिळतं. तुझ्या बाबतीत पाळी येऊन गेली आणि रात्रीचा गॅप वाढला, म्हणजे दोन अटी गेल्या. शिवाय बीज पाळीच्या आधी बाहेर पडतं, त्यामुळे पाळी आल्याशिवाय दिवस राहूच शकत नाहीत असंही नाही. अजिबात न पाजणारीला डिलिव्हरीनंतर तीन-चार आठवड्यांतही बीज सुटू शकतं.

सिझर झालेल्या बाईसाठी हे जास्त महत्त्वाचं आहे. पिशवीवरचा टाका भरून मजबूत व्हायला वेळ लागतो, म्हणून परत दिवस राहायच्या आधी निदान दीड वर्ष जाऊ द्या म्हणतात, जागतिक आरोग्य संघटना तर दोन वर्षं सांगते. आणि कधीही दिवस राहिले तरी सुरुवातीलाच सोनोग्राफी करायची, गर्भ जुन्या टाक्याच्या जागी तर रुजला नाही ना हे बघायला. ते क्वचित होतं पण लवकर कळलं तर सांभाळता येतं.

साधनांचं म्हणशील तर कंडोम, कॉपर टी, प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या किंवा इंजेक्शन हे सगळं पाजताना चालतं. इस्ट्रोजेन असलेल्या नेहमीच्या गोळ्या पाजत असशील तर पहिले सहा महिने टाळतात. तुझी पाळी जास्त जातेय, तेव्हा कॉपर टी घ्यायच्या आधी डॉक्टरांशी ते बोल.

नवीआई
टेस्ट केली. निगेटिव्ह आहे!! हात थरथरत होते खरं सांगू का. फाईल पण काढून बघितली, कॉपर टी बसवलेली नाही. उद्याची अपॉइंटमेंट घेतलीय, हिमोग्लोबिन, आणि त्या सोनोग्राफीबद्दल पण विचारते. नवऱ्याला हा धागा वाचायला दिला, तो म्हणाला साधनाचं आपण दोघं मिळून डॉक्टरांना विचारू. आणि सासूबाईंना वार आणि जखमेचं समजावून सांगितलं तर त्या म्हणाल्या, आम्हाला कोणी सांगितलंच नाही गं कधी हे.

वॉर्डातली_सिस्टर
छान झालं. अजून दोन गोष्टी. पाळी आठवडाभरात आली नाही तर टेस्ट परत कर, सकाळच्या पहिल्या लघवीची, एका निगेटिव्हवर थांबू नकोस. आणि हिमोग्लोबिनसाठी रक्त देशीलच तर थायरॉइडची तपासणी पण त्यातच करायची का ते डॉक्टरांना विचार. बाळंतपणानंतर पहिल्या वर्षात ते काहींचं बिघडतं आणि पाळी मागेपुढे होते, थकवा येतो, केस गळतात. सोनोग्राफीची आत्ता घाई करतील असं वाटत नाही, पण डागांची नोंद त्यांना दाखव. रिपोर्ट आले की कळव.