मांद्र्याच्या घरातील एसीचा ब्लोअर मध्येच थांबतो: मंडळाच्या यादीवरील पत्रव्यवहार

मस्कतहून

सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार.

पेडणे तालुक्यातील मांद्रे येथे आमच्या घरी माझी आई आणि तिच्या सोबतीला मावशी अशा दोघीच राहतात. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर आईचा बराचसा दिवस आतल्या खोलीत जातो आणि त्या खोलीतील स्प्लिट एसीने गेला महिनाभर दोघींना हैराण केले आहे. एसी दीड टनाचा, इन्व्हर्टर नसलेला, बारा वर्षांपूर्वी बसवलेला आहे. सुरू केल्यावर पाऊण तास तो व्यवस्थित चालतो, मग आतला ब्लोअर, म्हणजे खोलीत हवा सोडणारा पंखा, थांबतो आणि वीस-पंचवीस मिनिटांनी कोणीही हात न लावता पुन्हा फिरू लागतो.

मेकॅनिक दोनदा येऊन गेला, परंतु दोन्ही वेळा त्याच्यासमोर ब्लोअर सुरळीत चालला. पहिल्या खेपेस त्याने सर्व्हिसिंग केले, दुसऱ्या खेपेस गॅस भरला आणि आता पीसीबी (एसीचे नियंत्रण करणारा इलेक्ट्रॉनिक बोर्ड) बदलावा लागेल असे तो सांगतो. खर्चाची मला चिंता नाही, पण पीसीबी बदलूनही दोष राहिला तर मी इतक्या दूरवरून काय करणार, हा प्रश्न आहे. कृपया जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

म्हापशाहून

आपले पत्र वाचले. मस्कतची नोकरी संपवून मी गोव्यात परतलो त्याला बरीच वर्षे झाली, पण तेथील देखभाल विभागात हेच काम आयुष्यभर केले असल्यामुळे सविस्तर लिहितो.

जो दोष येतो आणि जातो, तो उपस्थित असतानाच पाहावा लागतो. ब्लोअर फिरत असताना केलेल्या तपासणीतून काहीच सिद्ध होत नाही, म्हणूनच आपल्या मेकॅनिकला अंदाजाने काम करावे लागले. गॅस भरण्यामागे त्याचा विचार बहुधा असा असावा की गॅस कमी झाला की कॉइलवर (हवा थंड करणाऱ्या नळ्यांच्या जाळीवर) बर्फ धरतो, हवा अडते आणि ब्लोअर फिरत असूनही घरातल्यांना तो बंद पडल्यासारखा वाटतो. तेव्हा वारा थांबला की प्रथम टॉर्च लावून झडपांच्या फटीतून ब्लोअर खरोखरच थांबला आहे का, हे मावशींनी पाहावे. रिमोटवर थेंबाचे चिन्ह नाही ना, हेही पाहावे, कारण ड्राय मोडमध्ये ब्लोअर अधूनमधून थांबणे हा दोष नसून ती त्या मोडची रीतच आहे.

त्यानंतर बाकी काय चालू राहते, हे कळले पाहिजे. स्टॅबिलायझरने वीज तोडली असती तर आतल्या युनिटवरील दिव्यासकट सगळेच बंद पडले असते. दिवा तसाच जळतो आहे आणि बाहेरच्या युनिटचा आवाजही येतो आहे, अशा स्थितीत फक्त ब्लोअर थांबत असेल, तर शोध चार ठिकाणांपुरता उरतो: पीसीबीवरील रिले (मोटारीची वीज चालू-बंद करणारा स्विच), मोटारीच्या तारांचा कनेक्टर, कपॅसिटर (मोटारीला फिरण्याचा जोर देणारा सुटा भाग) आणि खुद्द मोटार. आपल्याकडे समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याने कनेक्टरच्या पिना हिरव्या पडतात आणि पावसाळ्यात पीसीबीवर पाल मरून पडल्याचेही मी पाहिले आहे, त्यामुळे पहिल्या दोन शक्यता मी आधीच बाजूला सारणार नाही.

तथापि ठरावीक वेळ चालून थांबणे आणि निवल्यावर आपोआप सुरू होणे, ही तापलेल्या मोटारीची खूण आहे. मोटारीच्या वेटोळ्यात उष्णतेने उघडणारा एक संरक्षक स्विच बसवलेला असतो; मोटार प्रमाणाबाहेर तापली की तो प्रवाह तोडतो आणि ती थंड झाली की पुन्हा जोडतो. मग प्रश्न असा उरतो की ती तापते का. कपॅसिटर कमकुवत झाला की मोटारीचा जोर कमी होऊन ती तापते. ब्लोअरच्या दुसऱ्या टोकाची बुश (दांडा ज्यात फिरतो ती कडी) कोरडी पडली तरी हेच घडते.

मावशींना एका वहीत वेळ, दिवा, बाहेरचा आवाज आणि रिमोटवरील वेग लिहायला सांगावे. ब्लोअर थांबलेला असताना रिमोटवरून वेग बदलून पाहणे फार उपयोगाचे ठरेल. जुन्या पद्धतीच्या मोटारीत प्रत्येक वेगाची तार आणि रिले वेगळा असतो, त्यामुळे एका वेगावर बंद आणि दुसऱ्यावर सुरू असे झाले तर संशय रिलेवर जातो. तिन्ही वेगांवर हालचाल नसेल तर मोटार किंवा कपॅसिटरकडे वळावे. कव्हर मात्र त्यांनी उघडू नये. एमसीबी (बोर्डावरील वीज तोडणारा स्विच) पाडल्यानंतरही कपॅसिटरमध्ये विजेचा भार राहू शकतो.

मस्कतहून

आपले आभार कसे मानावेत ते समजत नाही. मावशींनी तीन दिवसांच्या नोंदी पाठवल्या आहेत. दिवा चालू राहतो, बाहेरचे युनिटही चालू असते. ब्लोअर एकदम थांबत नाही. आधी पाचेक मिनिटे वारा मंदावत जातो आणि मग थांबतो. वेग बदलून काहीही फरक पडला नाही. एका दुपारी ब्लोअर पुन्हा सुरू झाल्यावर युनिटखाली बरेच पाणी गळले, असेही त्यांनी लिहिले आहे.

म्हापशाहून

मावशींची वही वाचून मला राहवले नाही, म्हणून रविवारी शिवोलीचा पूल ओलांडून मांद्र्याला जाऊन आलो. आपल्या मातोश्रींनी आग्रहाने जेवायला बसवले. त्यांची प्रकृती उत्तम आहे.

ते पाणी बर्फाचे होते. वारा बंद आणि बाहेरचा कॉम्प्रेसर चालू, अशा स्थितीत कॉइल गोठते आणि वारा सुरू झाला की तो बर्फ वितळून तबकाबाहेर सांडतो. कॉम्प्रेसरलाही हे घातक असल्यामुळे, ब्लोअर थांबलेला दिसताच एसी बंद करावा, असे दोघींना सांगून आलो.

मी आधीच कव्हर उतरवून ठेवले, मल्टिमीटर जोडला आणि वाट पाहत बसलो. पन्नासाव्या मिनिटाला ब्लोअर मंदावला आणि थांबला. त्या क्षणी पीसीबीकडून मोटारीला जाणाऱ्या तारांवर २२६ व्होल्ट मिळत होते. म्हणजे पीसीबी आपले काम चोख करत होता आणि तो बदलून आपल्याला काहीही हाती लागले नसते. मग एमसीबी पाडून, कपॅसिटरचा भार उतरवून मोटारीला हात लावला, तर बोट टेकवत नव्हते. ब्लोअर हाताने फिरवला. सुटा असता तर काही फेरे आपणहून फिरला असता, तो अर्ध्या फेऱ्यातच अडला. डाव्या टोकाची बुश पार कोरडी होऊन काळवंडली होती आणि दांड्यावर गंज चढला होता. कपॅसिटरवर २ मायक्रोफॅरड छापले आहे. तो ५ टक्के इकडेतिकडे चालतो, पण मोजल्यावर १.२ भरला. भार वाढलेला आणि जोर घटलेला, अशा दुहेरी कात्रीत ती मोटार सापडली होती.

सोमवारी म्हापसा बाजारातून त्याच मापाचा कपॅसिटर आणि बुश आणून बसवली, दांडा घासून साफ केला आणि कनेक्टरच्या पिनाही पुसून घेतल्या. त्यानंतर सलग चार तास सर्वांत वरच्या वेगावर एसी चालवला; ब्लोअर एकदाही मंदावला नाही आणि मोटार नेहमीइतकीच कोमट राहिली.

एक गोष्ट मात्र आपल्यापासून लपवत नाही. महिनाभर रोज तापून मोटारीच्या स्वतःच्या बेअरिंगमध्ये थोडी ढिलाई आली आहे. चतुर्थीला आपण याल तोपर्यंत ती सहज चालेल. पुढच्या एप्रिलच्या उकाड्यात टिकेल याची हमी मी देणार नाही. आपण येथे असतानाच मोटार बदलून घ्यावी, असा माझा सल्ला आहे. त्यासाठी मोटारीवरील पट्टीचा फोटो सोबत जोडला आहे. मावशींनी वही स्विचबोर्डाशेजारी खिळ्याला टांगून ठेवली असून, पुन्हा वारा मंदावला तर वेळ लिहून त्या मला लगेच फोन करणार आहेत.