मदत हवी आहे : इंग्रजीत 'मोठं' म्हणायला 'बिग'शिवाय काय वापरता?

वाडीवाला :

नमस्कार मंडळी. मी नागपूरचा, वाडीतल्या एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात बारा वर्षं काढलीत. बुकिंग, बिल्टी, रात्री दोनला ड्रायव्हरचा फोन, सगळं जमतं. गाडी अडते ती इंग्रजी मेलवर. हल्ली पार्ट्या चेन्नई, हैदराबादच्या, त्यामुळे मराठी-हिंदीवर भागत नाही. आणि माझ्याकडे मोठ्या वस्तूसाठी एकच शब्द : बिग. बिग मशीन, बिग डिले, बिग डिस्काउंट, बिग सॉरी. परवा मालकांनी माझा मेल सगळ्या ऑफिससमोर वाचला. सात वेळा बिग. म्हणाले, "काहून रे, तुले दुसरा शब्दच भेटत नाही का?"

झोंबलं. मोबाइलवर समानार्थी शब्द शोधले आणि पोह्यांवर तर्री ओतावी तसे पुढच्या मेलात ओतले. एका पार्टीचा बॉयलरचा ड्रम जायचा होता. मी लिहिलं, 'वुई अंडरस्टँड द एनॉर्मिटी ऑफ युवर कन्साइनमेंट.' तासाभरात फोन. पलीकडचे साहेब हसत विचारताहेत, "आम्ही असा काय गुन्हा केला?" मला अर्थच लागेना. नंतर डिक्शनरी उघडली, तर एनॉर्मिटी म्हणजे घोर दुष्कृत्य!

शब्दांची यादी कृपया देऊ नका. चाळीस शब्दांची यादी खिशात आहे, तिनंच घात केला. कोणता शब्द कुठे बसतो, ते कसं ओळखायचं?

धरमपेठची पेन्शनर :

तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं, त्यामुळे थोडं लांबेल.

आधी तुमचा बॉयलर. लॅटिनमध्ये 'नॉर्मा' म्हणजे सुताराचा गुण्या, काटकोन तपासायचं हत्यार. गुण्यात न बसणारं ते एनॉर्मस. जे मापात बसत नाही ते आकारानं अवाढव्य असेल किंवा वागण्यानं भयंकर. पुढे विशेषणाकडे आकार राहिला आणि एनॉर्मिटी या नामाकडे पाप गेलं. आता पुष्कळ लोक ते नामही आकारासाठी वापरतात, पण जुन्या वळणाचा वाचक दचकतोच. तुम्ही सरळ 'साइझ' लिहायचं होतं.

आता मूळ प्रश्न. इमारत कशी? टोलेजंग. झाड डेरेदार, सभा जंगी, पगार लठ्ठ, माणूस धिप्पाड, घर ऐसपैस, संपत्ती गडगंज. सगळ्यांचा अर्थ 'मोठा'च ना? पण डेरेदार पगार आणि गडगंज झाड म्हणून बघा, घरातलं शेंबडं पोरही हसेल. हे तुम्हाला कुणी पाठ करायला लावलं नव्हतं. झाडासकट डेरेदार कानावर पडलं आणि तसंच राहिलं. इंग्रजी शब्दही असेच आपापल्या नामाबरोबर नांदतात. तुमच्या यादीत नुसते नवरदेव आहेत, नवऱ्या नाहीत.

थोडी लग्नं लावून देते. व्हास्ट आडवा पसरतो : समुद्र, वाळवंट, आभाळ. पार्सल कधी व्हास्ट नसतं. टॉवरिंग उभा : तान्ह्या पोळ्याच्या दिवशी गर्दीच्या डोक्यांवरून डुलत येणारा काळ्या मारबतीचा पुतळा, तो टॉवरिंग. मॅसिव्हच्या पोटात 'मास' आहे, म्हणून त्यात वजन येतं. तुमचा ड्रम मॅसिव्ह शोभला असता. बल्कीमध्ये कटकट आहे. वस्तू जडच असेल असं नाही, पण जिन्यातून जात नाही, हातात मावत नाही. आमचा जुना सोफा बल्की होता, शेवटी गच्चीवरून दोरानं उतरवला. हेफ्टी म्हटलं की बिल किंवा दंड आठवावा. स्प्रॉलिंगमध्ये ऐसपैसपणापेक्षा अस्ताव्यस्तपणा जास्त, मिहानच्या बाजूला सुटलेलं आपलं नागपूर तसं. आणि इमेन्स माझा लाडका. 'मोजलेलं नाही' अशी त्याची फोड, म्हणजे अक्षर न् अक्षर आपला 'अमाप'. मुलांना हे सांगितलं की तो शब्द पुन्हा कधी विसरायची नाहीत.

तुमच्या मेलाला यातले फार लागणारही नाहीत. सूट असेल तर सब्स्टॅन्शियल, उशीर असेल तर कन्सिडरेबल. कोट-टाय घातलेले शब्द आहेत, ऑफिसात शोभतात. आणि बिगला एकदम हाकलू नका. चूक बिगच असते, 'लार्ज मिस्टेक' कुणी म्हणत नाही. संख्येला मात्र लार्ज : लार्ज नंबर, लार्ज अमाउंट.

बुधवारीकर :

मॅडम, शाळेत तुम्ही भेटला असता तर माझं इंग्रजी सुटलं नसतं.

वाडीवाला, तुमच्या धंद्याचा शब्द राहिलाच. ब्रिटिश इंग्रजीत भल्यामोठ्या मालट्रकला जगरनॉट म्हणतात. मूळ आपलं, पुरीच्या जगन्नाथाचा रथ. चाकाखाली भाविक चिरडतात अशी वर्णनं युरोपात पोचली आणि देवाचं नाव 'वाटेत येईल ते चिरडत जाणारं' अशा अर्थानं इंग्रजीत रुळलं. मी जागनाथ बुधवारीत राहतो, म्हणून या शब्दावर हक्क सांगतो. पण 'अवर जगरनॉट इज कमिंग टू युवर गेट' असं पार्टीला लिहू नका. गेट बंद करून घेतील.

जम्बोही आधी नाव होतं. लंडनच्या प्राणिसंग्रहालयातला जम्बो हत्ती 1882 साली अमेरिकेच्या सर्कशीनं विकत घेतला. 1885 मध्ये कॅनडात रेल्वे इंजिनाच्या धडकेत तो मेला, आणि आज आपण जम्बो वडापाव खातो. बिचारा.

आयईएलटीएसग्रस्त :

आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेसाठी घोकतोय, म्हणून एकच भर. व्हेरी बिग चालतं, पण व्हेरी ह्यूज, व्हेरी एनॉर्मस टाळा. ह्यूजमध्येच 'खूप' येऊन गेलंय. जोर द्यायचाच तर अॅब्सोल्यूटली ह्यूज. आपण 'फार अवाढव्य' म्हणत नाही, तसंच. मॉक टेस्टमध्ये माझे यावर लाल गोल पडलेत. रायटिंगमध्ये शब्दसंपत्तीला पाव गुण असतात, म्हणून मीही जड शब्द कोंबत होतो. एका निबंधात मी डासांच्या त्रासाला कोलॉसल म्हटलं. सरांनी समासात, ज्या अवाढव्य पुतळ्यावरून कोलॉसल शब्द आला, तो ग्रीक बेटावरचा पुतळा काढला आणि त्याच्या नाकावर डास.

वाडीवाला :

मॅडम, साष्टांग. नवरदेव-नवरीचं मालकांना सांगितलं, तेही हसले.

एक शंका. आमच्याकडे साइझबाहेरच्या मालाला ओडीसी म्हणतात, ओव्हर डायमेन्शनल कार्गो. मेलमध्ये चारदा येतो. तिथेही शब्द बदलायचा का?

गोदामराव :

अजिबात नाही! तो वर्णनाचा शब्द नाही, कागदावरचा शब्द आहे. ई-वे बिलाची, म्हणजे मालासोबत लागणाऱ्या जीएसटीच्या ऑनलाइन कागदाची, मुदत साध्या मालाला 200 किलोमीटरला एक दिवस, ओडीसीला 20 किलोमीटरला एक दिवस. कौतुकानं जायजँटिक कार्गो लिहाल आणि बिल साध्या मालाचं निघालं, तर चेकपोस्टवर हेफ्टी म्हणजे काय ते चांगलं कळेल. चार ठिकाणी ओडीसी तर चारही ठिकाणी ओडीसीच.

आणि पार्टीला विशेषण कशाला पाहिजे? लांबी-रुंदी-उंची-वजन द्या. त्यांच्या क्रेनवाल्याला मॅसिव्ह कळत नाही, टन कळतात.

धरमपेठची पेन्शनर :

गोदामरावांशी शंभर टक्के सहमत. शाळेत हे मी कधी सांगितलं नाही, सांगायला हवं होतं.

वाडीवाला :

आज मेल गेला. ड्रमची चारही मापं पहिल्या ओळीत, ओडीसी दोनदा, कन्सिडरेबल डिले एकदा. बिग शून्य. चेन्नईहून उत्तर आलं, 'नोटेड, थँक्स.' खाली वेगळ्या ओळीत, 'नो क्राइम धिस टाइम.'

मालकांनी वाचलं आणि म्हणाले, "हाव, आता जमलं. पण हे कन्सिडरेबल म्हणजे किती दिवस, ते कोण लिहीन?"

तीन दिवस. लिहून पाठवतो.